कळफलकावरून चुकीची अक्षरे उमटणे

कळफलकावरून चुकीची अक्षरे उमटणे म्हणजे संगणकाच्या कळफलकावरील एखादी कळ दाबली असता अपेक्षित अक्षराऐवजी दुसरेच अक्षर, अंक वा चिन्ह पडद्यावर दिसणे होय. हा दोष कळफलकाच्या यांत्रिक बिघाडामुळे निर्माण होऊ शकतो. मात्र बहुतेक वेळा कळफलक सुस्थितीत असून संगणकातील मांडणी, टंक किंवा एखादी अनवधानाने सुरू झालेली सोय त्यास कारणीभूत असते. मराठीसारख्या भाषेत, जिथे एकाच कळफलकावरून दोन लिप्या आणि त्यांच्या दोन-तीन वेगवेगळ्या मांडण्या वापरल्या जातात, तिथे हा दोष इंग्रजीपेक्षा अधिक प्रकारांनी उद्भवतो. त्याचे निदानही त्यामुळे वेगळ्या रीतीने करावे लागते.

कळ आणि अक्षर यांतील संबंध

कळफलक संगणकाला अक्षर पाठवीत नाही. दाबलेल्या कळेचा क्रमांक तो पाठवितो. त्या क्रमांकाचे अक्षरात रूपांतर करण्याचे काम संगणकाची कार्यप्रणाली करते व त्यासाठी ती त्या क्षणी निवडलेल्या मांडणीच्या तक्त्याचा आधार घेते. कळेवर छापलेले अक्षर ही केवळ वापरणाऱ्याच्या सोयीसाठी केलेली खूण असते. तक्ता बदलला की तीच कळ दुसरे अक्षर देऊ लागते, आणि कळेवरील छपाई मात्र तशीच राहते. चुकीच्या अक्षरांच्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

देवनागरीसाठी भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आयएस १३१९४ या मानकात इनस्क्रिप्ट ही मांडणी समाविष्ट आहे. तिच्यात स्वर व मात्रा डाव्या हाताखाली, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली येतात. इंग्रजी ‘के’ लिहिलेल्या कळेवर ‘क’ आणि शिफ्टसह ‘ख’, ‘एच’वर ‘प’ आणि शिफ्टसह ‘फ’, ‘ई’वर काना आणि शिफ्टसह ‘आ’, अशी तिची रचना आहे. ‘पालघर’ हा शब्द तिच्यात एच, ई, एन, शिफ्टसह आय आणि जे या पाच कळांनी लिहिला जातो. मांडणी इंग्रजीवर राहिली असल्यास याच पाच कळांमुळे पडद्यावर तीच पाच रोमन अक्षरे दिसतात व त्यांतील ‘आय’ तेवढे मोठ्या लिपीत येते. उलट, मराठी मांडणी सुरू असताना पालघरचे इंग्रजी स्पेलिंग टंकल्यास ‘जोतुपोी’ आणि बोईसरचे टंकल्यास ‘वदगेोी’ उमटते. एका व्यंजनावर दोन-तीन मात्रा चढलेल्या दिसल्या किंवा मात्रेखाली तुटक रेषेचे वर्तुळ दिसले, तर इंग्रजी मजकूर मराठी मांडणीत टंकला गेला आहे असे जवळजवळ निश्चितपणे म्हणता येते.

मांडणी नकळत बदलणे

विंडोज कार्यप्रणालीत डावी ऑल्ट व शिफ्ट या कळा एकत्र दाबल्यास भाषा बदलते. विंडोज ८ पासून विंडोज कळ व स्पेसबार यांच्या जोडीनेही ती बदलता येते. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि महाप्राण व्यंजने यांसाठी शिफ्टचा वापर सतत होत असल्याने ही जोडी चुकून दाबली जाणे अवघड नाही. पडद्याच्या खालच्या पट्टीवर उजवीकडे दिसणारे भाषेचे लघुरूप पाहणे हा पडताळ्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. बहुतेकजण त्याकडे सर्वांत शेवटी पाहतात.

पालघर जिल्ह्यासारख्या बहुभाषिक प्रदेशात या प्रकाराला आणखी एक बाजू आहे. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्याची उत्तर सीमा गुजरातला भिडते आणि बोईसर-तारापूर औद्योगिक क्षेत्रात देशाच्या अनेक भागांतून आलेले कामगार राहतात. अशा ठिकाणच्या सामायिक संगणकावर मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी अशा चारही मांडण्या बसविलेल्या असू शकतात. इनस्क्रिप्टची रचना भारतीय लिप्यांच्या समान वर्णक्रमावर आधारलेली असल्याने तीच कळ गुजराती मांडणीत गुजराती लिपीतील ‘क’ देते आणि मराठी मांडणीत देवनागरीतील. उच्चार बरोबर पण लिपी परकी, असे दिसल्यास केवळ भाषा बदलणे पुरेसे असते. हिंदी व मराठी मांडण्यांतील गोंधळ मात्र लवकर लक्षात येत नाही, कारण दोहोंची लिपी एकच आहे आणि फरक मोजक्या अक्षरांपुरता आहे.

इंग्रजीतही अमेरिकी, ब्रिटिश व भारतीय अशा मांडण्या वेगळ्या आहेत. @ हे चिन्ह दाबले असता दुहेरी अवतरणचिन्ह आले आणि शिफ्टसह ३ दाबल्यावर £ आले, तर ब्रिटिश मांडणी निवडली गेलेली असते. ₹ हे रुपयाचे चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले व त्याच वर्षी युनिकोडमध्ये त्याला स्थान मिळाले. विंडोजच्या भारतीय इंग्रजी मांडणीत ते उजवी ऑल्ट व ४ या कळांनी मिळते. ब्रिटिश मांडणीत त्याच कळांनी € उमटतो. बिले व पावत्या टंकताना हा फरक प्रथम नजरेस येतो.

या चुकीचा सर्वाधिक त्रास परवलीचा शब्द टंकताना होतो, कारण तेथे अक्षरांऐवजी ठिपके दिसतात आणि मांडणी बदलली असल्याचे कळत नाही. ठरावीक प्रयत्नांनंतर अनेक संकेतस्थळे खाते बंद करतात. अर्जाची मुदत संपत आली असताना असे घडल्यास अर्ज राहून जाण्याचा धोका असतो. म्हणून परवलीचा शब्द नाकारला गेल्यास तो पुन्हा टंकण्यापूर्वी एखाद्या उघड्या रकान्यात, उदाहरणार्थ वापरकर्त्याच्या नावाच्या जागी, दोन-चार कळा दाबून कोणती अक्षरे उमटतात हे पाहणे श्रेयस्कर ठरते.

शिफ्ट, नमलॉक आणि इतर सोयी

शिफ्ट कळ धूळ वा चिकट द्रवामुळे दाबलेल्या अवस्थेत अडकली, तर इनस्क्रिप्टमध्ये तिचे लक्षण फार स्पष्ट असते. अल्पप्राणांच्या जागी महाप्राण येतात, मात्रांच्या जागी पूर्ण स्वर येतात, ‘ल’चा ‘ळ’ आणि ‘म’चा ‘ण’ होतो. ‘काका’ टंकले असता ‘खआखआ’ आणि ‘बोईसर’ टंकले असता ‘भओईशऱ’ दिसते. विंडोजमध्ये शिफ्ट कळ लागोपाठ पाच वेळा दाबल्यास स्टिकी कीज ही सोय सुरू करण्याविषयी विचारणा होते. ती होकारार्थी स्वीकारली गेल्यास कळ यांत्रिकदृष्ट्या मोकळी असूनही शिफ्टचा परिणाम पुढील कळेवर टिकतो. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरल्यास फिल्टर कीज ही सोय पुढे येते. तिच्यामुळे झटपट दाबलेल्या कळांची नोंदच होत नाही व अक्षरे गळू लागतात. अपंग व्यक्तींसाठी केलेल्या या सोयी उपयुक्त आहेत. त्यांची माहिती नसलेल्याला मात्र कळफलक बिघडल्याचा भास होतो.

स्वतंत्र अंकपट्टी नसलेल्या काही लॅपटॉपांत, विशेषतः जुन्या प्रतिमानांत, उजव्या हाताखालच्या अक्षरकळांतच अंकपट्टी दडलेली असते. नमलॉक सुरू झाल्यास जे, के, एल या कळा १, २, ३. यू, आय, ओ या ४, ५, ६ आणि एम ही ० देऊ लागते. इंग्रजीत यामुळे शब्दाची पुरती मोडतोड होते. इनस्क्रिप्टमध्ये व्यंजने उजवीकडे असल्याने मात्रा शाबूत राहून व्यंजनांचे तेवढे अंक होतात: ‘तारापूर’ हा शब्द ‘३ा१ापू१’ असा उमटतो. र, क, त, ह, ग, द व स ही सात अक्षरे अंक झाली आणि डावीकडच्या मात्रा नीट आल्या, तर दुसरे काहीही तपासण्यापूर्वी नमलॉक बंद करून पाहावा. तो बंद करण्यासाठी पुष्कळ लॅपटॉपांवर एफएन ही कळ सोबत दाबावी लागते.

इन्सर्ट कळेमुळे नवे अक्षर पुढील अक्षर खोडून त्याच्या जागी बसते. शब्दसंस्कारकातील आपोआप दुरुस्तीची सोय कधी बरोबर शब्दही बदलून टाकते. दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमात तोच शब्द टंकून पाहिल्यास ही शंका मिटते.

टंकलेखन यंत्राचा वारसा

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा किमान वेग मिनिटाला ३० शब्द अथवा इंग्रजीचा ४० शब्द असा धरला जातो. संबंधित प्रमाणपत्र परीक्षा पुण्यातील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. या परीक्षांची परंपरा टंकलेखन यंत्राच्या काळापासूनची आहे आणि त्या यंत्रावरून आलेली रेमिंग्टन पद्धतीची मांडणी आजही अनेकांच्या बोटांत बसलेली आहे. टंकलेखन वर्गांतून शिकलेला उमेदवार इनस्क्रिप्ट सुरू असलेल्या संगणकासमोर बसला, तर त्याची बोटे बरोबर चालतात आणि पडद्यावर सर्व चुकीचे उमटते. वेळ मोजली जात असलेल्या चाचणीत ही चूक उमगेपर्यंतची काही मिनिटे निर्णायक ठरतात.

दोन पद्धतींतील भेद कळांच्या जागांपुरता नाही. यंत्रावर अक्षरे ज्या क्रमाने दिसतात त्या क्रमाने टंकली जातात, तर इनस्क्रिप्टमध्ये ज्या क्रमाने उच्चारली जातात त्या क्रमाने. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते. म्हणून रेमिंग्टनमध्ये ती व्यंजनाआधी टंकतात, इनस्क्रिप्टमध्ये व्यंजनानंतर. कृतिदेव टंकाच्या रेमिंग्टन मांडणीत आणि इनस्क्रिप्टमध्ये ‘र’ हे अक्षर योगायोगाने एकाच, जे या कळेवर आहे आणि ऱ्हस्व वेलांटीही दोन्हीकडे एफ याच कळेवर आहे. या साम्याने उलट फसगत होते. जुन्या सवयीने वेलांटी आधी दिल्यास ती मागच्या व्यंजनाला चिकटते व ‘कविता’चे ‘किवता’ होते. रफाराचे नेमके उलट घडते. रेमिंग्टनमध्ये तो अक्षरानंतर देतात, तर इनस्क्रिप्टमध्ये ‘र’ व हलन्त आधी येतात. त्यामुळे ‘अर्ज’ या शब्दाचे ‘अजर्’ होते. अशा चुका सातत्याने दिसल्यास कळफलकाची वा मांडणीची दुरुस्ती व्यर्थ आहे. वापरणाऱ्याला येत असलेली पद्धत संगणकावर बसविणे किंवा नवी पद्धत शिकणे एवढेच दोन पर्याय उरतात. रेमिंग्टनच्या सवयीने टंकूनही युनिकोड मजकूर देणाऱ्या आज्ञावली उपलब्ध असल्याने पहिला पर्याय अव्यवहार्य नाही.

तिसरी पद्धत अक्षरांतरणाची आहे. तिच्यात रोमन अक्षरांनी उच्चार टंकला की त्याचा देवनागरी शब्द तयार होतो. मे २०१९ मधील विंडोज १० च्या आवृत्तीत मराठीसह अनेक भारतीय भाषांचे असे उच्चाराधारित कळफलक देण्यात आले. मराठी विकिपीडियाच्या संपादन चौकटीतही अक्षरांतरणाची सोय असून ती कंट्रोल व एम या कळांनी सुरू वा बंद होते. ही सोय त्या पृष्ठापुरतीच असते. पृष्ठाबाहेर तीच बोटे रोमन अक्षरे उमटवितात, आणि नवशिक्याला कळफलक मध्येच बिघडून मध्येच सुधारतो असे वाटते.

टंकामुळे होणारा भास

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली व तिच्यात देवनागरीसाठी १२८ स्थाने राखलेली होती. तरी त्यानंतर कित्येक वर्षे मराठीतील छपाई व कार्यालयीन कामकाज श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या टंकांवर चालले. या टंकांत देवनागरी अक्षरांना स्वतःचा संकेतांक नसतो. रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकृत्या बसविलेल्या असतात. कृतिदेवमध्ये लिहिलेला ‘पालघर’ हा शब्द संगणकाच्या दृष्टीने आय, के, वाय, प्रश्नचिन्ह, के, जे एवढाच असतो. यातील प्रश्नचिन्ह म्हणजे अर्धा ‘घ’ आणि नंतरचा ‘के’ म्हणजे त्याला पूर्ण करणारा दंड. टंक नसलेल्या संगणकावर दस्तऐवज उघडल्यास हीच निरर्थक रोमन मालिका दिसते.

येथे कळफलक निर्दोष असतो. तो टंक बसविल्यास मजकूर पुन्हा वाचता येतो, पण शोध, क्रमवारी व संकेतस्थळावरील अर्ज यांसाठी तो निरुपयोगीच राहतो. त्यासाठी परिवर्तक आज्ञावलीने युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते. जोडाक्षरे, रफार व वेलांटी यांत परिवर्तक चुकतात. म्हणून व्यक्तींची व गावांची नावे रूपांतरानंतर डोळ्यांखालून घालणे आवश्यक असते.

मजकूर युनिकोडमध्ये असूनही तो भलत्याच संकेतप्रणालीने उघडला, तर प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी तीन चिन्हे दिसतात, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एक अक्षर तीन बाइटांचे असते. डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ‘ए’ आणि त्यापुढे येनचे चिन्ह अथवा चार काड्या फुटलेले वर्तुळ, अशी जोडी पुनःपुन्हा दिसणे ही त्याची ओळख होय. स्वल्पविरामांनी विभागलेल्या याद्या एक्सेलमध्ये थेट उघडताना हा प्रकार विशेषत्वाने घडतो. फाइल आयात करताना यूटीएफ-८ निवडल्यास मजकूर पूर्ववत दिसतो. तीच बिघडलेली फाइल जतन केल्यास मात्र मूळ मजकूर परत मिळविणे कठीण होऊन बसते.

‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत. विंडोजमधील मंगल टंकात हिंदी वळणे दिसतात. टंकलेले अक्षर त्याही वेळी तेच असते, केवळ त्याचे चित्र वेगळे असते.

मराठीतील खास अडचणी

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत विद्वान व स्वयंपाकी एवढे अंतर आहे. आडव्या र-काराचे हे रूप इनस्क्रिप्टमध्ये साध्या ‘र’ने मिळत नाही. त्यासाठी शिफ्टसह जे या कळेवरील ‘ऱ’, त्यानंतर हलन्त आणि मग पुढील व्यंजन द्यावे लागते. ‘दुसर्या’, ‘तार्यांचा’ अशी रूपे आंतरजालावर विपुल आढळतात, ती या एका कळेच्या अज्ञानामुळे.

‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली समाविष्ट झाले. जुन्या मांडण्यांत त्याऐवजी हिंदीतील ‘ऍ’ उमटते. काहीजण ‘अ’ला चंद्र जोडून तेच रूप साधतात. ‘ओ’ हा स्वर ‘अ’ला मात्रा जोडून लिहिला, तरी पडद्यावर फरक जाणवत नाही. संगणकाला मात्र हे दोन भिन्न शब्द वाटतात. महाभूलेख संकेतस्थळावर नावावरून सातबारा शोधताना, मतदार यादीत नाव पाहताना किंवा कार्यालयातील नोंदी चाळताना दिसायला तंतोतंत तेच नाव सापडत नाही, त्यामागे हे कारण असू शकते. नाव खोडून मांडणीतील योग्य कळांनी पुन्हा टंकणे हा त्यावरील उपाय आहे. जुन्या मजकुरातून उचलून चिकटविल्याने चूक जशीच्या तशी पुढे जाते. देवनागरी अंकांचेही असेच आहे: बँकेचा खाते क्रमांक किंवा भ्रमणध्वनी क्रमांक मागणारे अनेक रकाने ते नाकारतात.

यांत्रिक बिघाड

साध्या कळफलकात प्लास्टिकचे दोन पातळ पडदे असतात व त्यांवर वाहक शाईने रेषा छापलेल्या असतात. प्रत्येक कळेला स्वतंत्र तार न देता आडव्या व उभ्या रेषांचे जाळे केलेले असते. ८ आडव्या व १८ उभ्या रेषांच्या छेदांवर १४४ कळा सामावू शकतात. यामुळे बिघाडालाही एक आकृती लाभते. एक रेषा तुटली की तिच्यावरील सर्व कळा एकदम निकामी होतात, जरी त्या कळफलकावर एकमेकींपासून दूर असल्या तरी. ओलाव्यामुळे दोन शेजारच्या रेषा जोडल्या गेल्या की एक कळ दाबली असता दोन अक्षरे उमटतात. एकाच वेळी तीन कळा दाबल्या जाऊन त्या जाळ्यातील चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर आल्यास चौथ्या कोपऱ्यावरील न दाबलेली कळही नोंदली जाऊ शकते.

सातपाटी, केळवे, तारापूर, चिंचणी, डहाणू ही गावे समुद्रकाठची आहेत. खारट हवेतील क्षार आर्द्रता शोषून घेतात, आणि पावसाळ्यात पडद्यांच्या कडांमधून आत गेलेला असा थर वाहक शाईला गंजवितो. कारखान्यांच्या परिसरातील धातूची धूळ वाहक असल्याने तीही घातक ठरते. संगणक रात्रंदिवस बंद न ठेवणाऱ्या ठिकाणापेक्षा आठवडेच्या आठवडे बंद राहणाऱ्या संगणकाला दमटपणाचा उपद्रव अधिक होतो, कारण चालू यंत्राच्या उष्णतेने आतील भाग कोरडा राहण्यास मदत होते. मराठी घरात व कार्यालयात कळफलकाचा सर्वांत मोठा शत्रू मात्र साखर घातलेला चहा हाच असतो. पाणी वाळून जाते, साखर मागे राहते आणि कळा चिकटवून ठेवते.

द्रव सांडल्यास सुटा कळफलक लगेच काढून पालथा ठेवावा व पूर्ण सुकल्यावरच जोडावा. कळांची टोपणे काढण्यापूर्वी छायाचित्र घेऊन ठेवल्यास ती पुन्हा योग्य जागी बसविता येतात. टोपणे उलटसुलट बसविल्यामुळे अक्षरे चुकीची येतात असे वाटल्याची उदाहरणेही कमी नसतात. चिकट डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतात. लॅपटॉपच्या बाबतीत कळफलकाखाली मुख्य फलक असल्याने यंत्र तत्काळ बंद करणे, वीजजोडणी तोडणे आणि शक्य असल्यास बॅटरी काढणे यांना प्राधान्य असते. चालते की नाही हे पाहण्यासाठी ओला लॅपटॉप सुरू केल्याने दुरुस्त होण्याजोगा बिघाड कायमचा होतो.

निदान

यांत्रिक दोष आणि मांडणीचा दोष वेगळे करण्यासाठी विंडोजमधील पडद्यावरचा कळफलक उघडणे उपयुक्त असते. त्यावर सध्याची मांडणी दिसते आणि खरी कळ दाबली असता तीच कळ उजळते. उजळलेली कळ बरोबर असून अक्षर चुकीचे असेल, तर दोष मांडणीत आहे. दुसरीच कळ उजळली, दोन उजळल्या किंवा एकही उजळली नाही, तर दोष प्रत्यक्ष कळफलकात, त्याच्या जोडणीत किंवा क्वचित चालक आज्ञावलीत आहे. माऊसने पडद्यावरील कळ दाबूनही चुकीचेच अक्षर आले, तर खऱ्या कळफलकाचा त्यात काही संबंध नाही. त्यानंतर दुसरा यूएसबी कळफलक जोडून पाहावा. तोही तसाच वागल्यास पहिला फेकून देण्याचे कारण नाही. दोष कधी दिसतो हेही महत्त्वाचे असते. कार्यप्रणाली सुरू होण्यापूर्वीच्या बायोसच्या पडद्यावरही चुकीच्या कळांची नोंद झाली, तर भाषेच्या मांडणीवर संशय घेता येत नाही, कारण ती त्या वेळी अस्तित्वातच नसते.

लॅपटॉपचा कळफलक निकामी ठरल्यास तो बदलून मिळेपर्यंत बाहेरचा यूएसबी कळफलक जोडून काम चालविता येते. आतील कळफलकाची एखादी कळ अडकून आपोआप अक्षरे उमटवीत असेल, तर बाहेरचा कळफलक जोडूनही ती थांबत नाहीत. अशा वेळी आतील कळफलकाची फीत तंत्रज्ञाकडून सोडवून घ्यावी लागते.